तुरुंगाच्या गावातलं घर

त्या शहराबद्दल मत नाही असा माणूस काकूंना महिन्याभरात एकही भेटला नव्हता, आणि त्या शहरात चार दिवस राहून आलेला माणूसही एकही भेटला नव्हता. कुणी तिथं गाडी बदलली होती, कुणाच्या मेव्हण्याची बॅग तिथं चोरीला गेली होती, कुणी नुसतंच ऐकलं होतं. पण बोलायला लागले की सगळे असे बोलत, जणू निम्मा जन्म तिथंच काढलाय. तिथं एक भलामोठा तुरुंग होता, एवढीच काय ती खात्रीची गोष्ट. बाकी सगळं लोकांनी त्या तुरुंगाच्या भिंतीला टेकवून उभं केलं होतं. तिथली माणसं भांडकुदळ, तिथलं पाणी जड, तिथं शेजारीण साखर मागायला आली तर डबा नजरेसमोर ठेवावा. घरं मात्र स्वस्त, असं शेवटी म्हणायचे. तेही अशा सुरात, की स्वस्त असणं हाही त्या गावाचा एक गुन्हाच असावा.

काकू जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून द्यायच्या. लाकडी सांगाड्याचं काम काकांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. स्प्रिंगा, काथ्या, फोम आणि वरचं कापड काकूंचं. राहत्या घराखालचा रस्त्यालगतचा गाळा हाच त्यांचा कारखाना आणि हेच दुकान. आता घरमालकाला त्या गाळ्यात केकचं दुकान हवं होतं. केकवाला देतो तेवढं भाडं द्या नाहीतर सोडा, असं त्याने हसत हसत सांगितलं, आणि वर "तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून आधी कानावर घातलं" अशी मखलाशी केली. ज्या शहरात काकूंचं सगळं आयुष्य गेलं होतं, तिथं आता एक तीन माणसांचा सोफा उलटा करून ठेवता येईल एवढी जागाही त्यांच्या आवाक्यात उरली नव्हती. गाळा गेला की काम गेलं आणि काम गेलं की काकूंच्या हातात काही राहत नव्हतं.

आता काकूंच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. त्या जुन्या वळणाच्या कारागीर. कापड ठोकायचे बारीक खिळे त्या मूठभर तोंडात भरत, जिभेने एकेक खिळा ओठापर्यंत सरकवत, लोहचुंबक लावलेल्या हातोडीच्या टोकाने तो उचलत आणि ठोकत. एक हात कापड ताणायला, एक हात हातोडीला, म्हणजे खिळ्यांसाठी तोंडच उरतं. या कामात बोलता येत नाही. बोलायला गेलं तर खिळा घशात जायचा. आणि ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक असल्यामुळे काकूंना सल्ला द्यायला लोक नेमके खिळे तोंडात असताना यायचे.

"तिकडं जाण्यापेक्षा, काकू, मी म्हणते उपास काढावेत," वरच्या मजल्यावरची शिक्षिका दारात उभी राहून म्हणाली. काकूंनी तिच्याकडे बघत एक खिळा ठोकला. "तिथल्या शाळेतली मुलं बाकांचे पाय विकतात म्हणे." काकूंनी दुसरा ठोकला. त्यांच्या मनात तयार झालेलं उत्तर असं होतं की शिक्षिकेने तोंड लपवलं असतं. पण खिळे संपेपर्यंत ती जिना चढूनही गेली. औषधाच्या दुकानवाल्याचंही तेच झालं. फुकटचे सल्ले आणि तेही उत्तराची सोय नसताना! काकूंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, आणि त्या रागात त्या दिवसांत ठोकलेले सोफे भलतेच मजबूत झाले.

काकांनी तर हे तंत्र केव्हाच अवगत केलं होतं. बायकोला न आवडणारी कुठलीही बातमी ते खिळ्यांच्या वेळी देत. लेकीला शिकायला दूरच्या वसतिगृहात ठेवायचं ठरवलं, हे असंच. सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू केली, हेही असंच. बातमी सांगायची आणि काहीतरी आणायला बाहेर पडायचं. काका तसे स्वभावाने गरीब, हाताने हुशार आणि तोंडाने मुके. त्यांचं गाव, लग्नाच्या वेळी सांगितल्याप्रमाणे, डोंगरापलीकडचं एक खेडं होतं आणि ते धरणाखाली गेलं होतं. माणसंही कुणी उरली नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बघून काकूही त्या बुडालेल्या गावासाठी पोटभर रडल्या होत्या.

त्या शहरातल्या घराची माहिती आणली रेक्झिनवाल्याने. कापडाचे गठ्ठे घेऊन तो गावोगाव फिरायचा आणि त्या शहरात दर आठवड्याला जायचा. "खाली लांबलचक हॉल, वर दोन खोल्या, मागं अंगण," तो म्हणाला. "भाडं ऐकाल तर खोटं वाटेल. मालक म्हातारा आहे, निवृत्त पोस्टमन. गाव कसं विचाराल, तर गावासारखं गाव आहे. भांडतात, पण उधारी बुडवत नाहीत." योगायोगाने काकूंच्या तोंडात तेव्हा खिळे नव्हते. त्यांनी पत्ता विचारून घेतला. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्या गावाबद्दल डोळ्यांनी बघितलेलं सांगत होतं.

पण मधे दादा होता. दादा म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. वडील लवकर गेल्यावर घर त्याने चालवलं, बहिणीचं लग्न त्याने जुळवलं, त्यामुळे त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी घरात रीतच पडली होती. त्याने रविवारी दोघांना जेवायला बोलावलं आणि जेवता जेवता तोडगा काढला. त्याच्या बंगल्यामागे अडगळीची खोली होती, ती तो बहिणीला देणार होता. भाडं नको. फक्त दुपारी ठोकाठोकी नको, वहिनीला झोप लागत नाही. गिऱ्हाइकांनी पुढच्या फाटकातून यायचं नाही, मागच्या बोळातून यायचं. आणि बंगल्यातले सोफे जरा बघून घ्यायचे, घरचंच काम म्हणून.

"आणि ते तुरुंगाचं खूळ डोक्यातून काढ," दादा म्हणाला. "तिथं सोफे घेणार कोण? निम्मं गाव आधीच आत बसलेलं असतं!"

सगळे हसले. दादाचे त्या गावावरचे विनोद घरात वर्षानुवर्षं चालत आले होते, पाहुणे आले की वहिनीच त्याला आठवण करून द्यायची. काका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हसले. काकूही आजवर हसत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांना हसू आलं नाही. मागच्या बोळातून गिऱ्हाईक, ही गोष्ट त्यांच्या घशात अडकली होती. आयुष्यभर रस्त्याकडे तोंड करून काम केलेली बाई ती. भावाच्या अडगळीत बसून, त्याच्या बायकोची झोप सांभाळत हातोडी चालवायची?

"मी उद्याच ते घर बघायला जाते," घरी येताच त्या म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले.

काकूंनी चमकून बघितलं. या माणसाने संसारात आजवर "बघू" म्हटलं होतं, "तू म्हणशील तसं" म्हटलं होतं. "नाही" हा शब्द त्याच्याकडे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

"का नाही?"

"ते गाव नको. दादांची खोली काय वाईट आहे?"

"वाईट? तुम्हाला मागच्या दाराने यायला चालेल?"

"चालेल," काका म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी काकू एका खुर्चीची पाठ भरत होत्या. मूठभर खिळे नुकतेच तोंडात भरले होते. काका समोर येऊन उभे राहिले. हातात कापडी पिशवी होती, म्हणजे बाहेर पडायची तयारी.

"मी तिथलाच आहे," ते म्हणाले.

काकूंची हातोडी थांबली.

"त्या तुरुंगाच्या गावचा. धरणबिरण काही नव्हतं. दादांनी सांगितलं होतं, मुलगा पसंत आहे पण त्या गावाचं नाव लग्नात निघता कामा नये. ते धरणही त्यांनीच सुचवलं." काका एका दमात बोलत होते. "आणि मला मोठी बहीण आहे. तिथंच. इस्त्रीचं दुकान आहे तिचं. लाकूड आणायला म्हणून जातो तेव्हा तिच्याकडे जातो. जिवंत आहे. बरी आहे."

आणि ते निघून गेले.

काकूंनी ओंजळीत खिळे थुंकायला सुरुवात केली. पण तोंडातले मूठभर खिळे काही एका झटक्यात बाहेर येत नाहीत. एक गालात अडकतो, दोन जिभेखाली जातात. शेवटचा खिळा काढून, तसंच ओलं तोंड आणि हातातली हातोडी घेऊन काकू रस्त्यावर धावल्या तेव्हा काका चौक ओलांडून दिसेनासे झाले होते. "अहो!" काकू ओरडल्या, "अहो, उभे राहा!" समोर केकच्या दुकानासाठी माप घ्यायला आलेला घरमालक फीत तशीच धरून भिंतीला चिकटला. त्याला वाटलं, हातोडी त्याच्यासाठीच आहे.

नणंद! आपल्याला एक सख्खी नणंद आहे! लेकीला आत्या आहे, आणि लेक तिच्या खांद्यावर कधी खेळली नाही. काकू गाळ्यात येऊन त्या अर्ध्या भरलेल्या खुर्चीच्या सांगाड्यावर बसल्या. ज्या गावासाठी आपण रडलो ते गाव नव्हतंच, आणि जे गाव होतं त्याच्यावर आपण दादाच्या जेवणघरात बसून दात काढले. शेजारी नवरा बसलेला असताना! रागाने त्यांना रडूही येईना.

त्यांनी दादाला फोन लावला.

"दादा, ते धरण कुठलं रे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग दादा म्हणाला, "इतक्या वर्षांनी काय उकरून काढतेस? मुलगा चांगला होता, हातात कला होती. गाव तेवढं बदनाम. आईने ऐकलं असतं तर नाहीच म्हणाली असती. मी मार्ग काढला."

"मार्ग काढलास आणि मग जन्मभर त्यांच्याच ताटासमोर त्यांच्या गावाची टिंगल केलीस?"

"अगं, तेही हसायचे की!"

"हसतील नाहीतर काय करतील? तुझं जेवत होते ना!" काकूंचा आवाज एवढा चढला की गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "त्यांच्या बहिणीला लग्नातून हाकललंस तू. मला विचारलंस? माझा संसार, माझी नणंद, आणि ठरवणारा तू कोण? तुझी मागची खोली तुलाच लखलाभ."

संध्याकाळी काका परत आले. काकूंनी ताट वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. काकांनी दोनदा "अगं" म्हणून बघितलं, मग तेही जेवले. सकाळी काकू पर्स घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "येताय, की मी एकटीच शोधू?"

गाडीत काका खिडकीबाहेर बघत बसले. मधे एकदा म्हणाले, "घर बघू, पण ताईकडे आज नको." काकूंनी मान फिरवली. त्यांना वाटलं, लाज वाटत असेल. त्या लाजेखाली आणखी काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

त्या शहरात उतरताना काकूंचा हात आपोआप पर्सवर घट्ट झाला आणि त्या स्वतःवरच चिडल्या. इतके दिवस लोकांशी मनातल्या मनात भांडलो, आणि इथं पाय ठेवला तर आपणही तेच! त्यांनी पर्स मुद्दाम सैल सोडली. कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. स्टँडवर एक बाई खिडकीची काच बंद होत नाही म्हणून गाडीच्या कंडक्टरला फैलावर घेत होती आणि कंडक्टर निमूट ऐकत होता. तुरुंगाची भिंत मात्र होतीच, उंच आणि लांबच लांब. तिच्या कडेने भाजीवाल्या टोपल्या मांडून बसल्या होत्या आणि एका ठिकाणी कुणीतरी खिळे ठोकून धुणं वाळत घातलं होतं. रस्त्यांना खड्डे होते, गटाराला वास होता. तेवढा वास काकूंच्या गल्लीतही होता, फक्त तिथं त्याबद्दल कुणी बोलत नसे.

पोस्टमनचं घर बघितल्यावर काकूंचा जीव जरा हरखला. त्या कुठलंही घर आधी दारावरून जोखायच्या, आणि हे दार असं होतं की तीन माणसांचा सोफा आडवा न करता आत गेला असता. हॉल लांब, उजेड डावीकडून, जमीन सपाट. फाटकासमोर सरळ रस्ता. इथं बसून ठोकताना येणारा जाणारा दिसेल, हे त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"भाड्याचं काही नाही," म्हातारा म्हणाला. "पण माणूस ओळखीचा हवा. मोठ्या शहरातली माणसं म्हणजे जरा धास्तीच वाटते हो. गोड बोलतात आणि रातोरात चंबूगबाळं आवरून जातात."

आपल्या शहराचीही कुठंतरी अशी ख्याती असेल हे काकूंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "आमच्या शहरात असं काही नाही," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, आणि मग गोड बोलून गाळा काढून घेणारा आपला घरमालक आठवून गप्प बसल्या.

"गावात कुणी ओळखीचं?"

काका जमिनीकडे बघत होते.

"आहे की," काकू म्हणाल्या. "यांची सख्खी बहीण आहे. इस्त्रीवाली."

म्हाताऱ्याने चष्मा वर केला आणि काकूंना नीट न्याहाळलं. त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे त्या तुम्ही?"

"त्या म्हणजे?"

"काही नाही," तो म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात परत ठेवला. "ताई हो म्हणाल्या तर मग किल्ली देतो. त्यांनी हो म्हणायला हवं."

इस्त्रीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. रस्त्याच्या पातळीवर एक खोली, तिच्या निम्म्या जागेत टेबल, उरलेल्या जागेत कपड्यांचे गठ्ठे. टेबलामागे पांढऱ्या केसांची, काकांसारख्याच रुंद कपाळाची बाई उभी होती. एक गिऱ्हाईक शर्टासाठी थांबलं होतं, एक शेजारीण पायरीवर बसून सुपात शेंगा सोलत होती.

बाईने आधी भावाला बघितलं आणि ती हसली. मग तिने काकूंना बघितलं.

"या बाईसाहेब," ती म्हणाली. "वाट चुकलात का?"

"मी..."

"नाकाला रुमाल नाही लावलात? आमच्या गावाचा वास सोसत नाही म्हणे तुम्हाला." हात थांबला नव्हता, इस्त्री बाह्यांवरून फिरत होती. "इथलं पाणीही चालत नाही. बाटली आणलीय का बरोबर?"

पायरीवरच्या शेजारणीने शेंग तशीच हातात धरली. "हीच का ती?" तिने मोठ्याने विचारलं.

"हीच," नणंद म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नाला दोनदा निरोप पाठवला. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली होती, मामी येणार म्हणून. बाईसाहेबांनी काय उत्तर पाठवलं? तुरुंगाच्या गावात जाऊन आले तर माझ्या माहेरी तोंड कसं दाखवू."

"मी म्हणाले?" काकूंना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "असं कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? भाऊ स्वतः सांगून गेला. रडत सांगून गेला बिचारा."

काकू सावकाश नवऱ्याकडे वळल्या. म्हणजे हे होतं तर. दादाने एकदा खोटं सांगितलं होतं, आणि या माणसाने ते दर वर्षी ताजं केलं होतं, दोन्ही बाजूंना. त्यांच्या शहरात हे गाव बदनाम होतं, आणि या गावात त्या स्वतः. कधी पाऊलही न ठेवलेल्या गल्लीत त्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती.

"बोला," त्या म्हणाल्या.

"घरी बोलू," काका पुटपुटले.

"हे तुमचंच घर आहे. इथंच बोला."

गिऱ्हाईक शर्ट मागायचं विसरलं. काकांनी एकदा दाराकडे बघितलं. पण दारात काकू उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडात खिळे नव्हते.

"तिला माहीत नव्हतं, ताई," काका शेवटी म्हणाले. "तुझ्या पोरीच्या लग्नाचं नाही, निरोपांचं नाही. तू आहेस हेच तिला माहीत नव्हतं. काल सांगितलं मी."

"मग ते वासाचं? पाण्याचं?"

"मीच. तू दर वेळी विचारायचीस, वहिनी का आली नाही. काय सांगणार? मी सांगितलंच नाही, असं म्हणायची लाज वाटायची. मग एकदा तिच्यावर ढकललं. मग ते तसंच पुढे..." त्यांचे डोळे भरून आले.

"रडू नका," काकू कडाडल्या. "तुमचं रडणं मला महागात पडलंय."

टेबलावरून जळका वास आला. नणंदेने इस्त्री उचलली. शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. ज्याचा शर्ट होता तो एक पाऊल पुढे आला आणि तिघांचे चेहरे बघून परत मागे सरला.

"म्हणजे इतकी वर्षं मी या बाईला शिव्या घातल्या," नणंद हळू म्हणाली, "त्या फुकट?"

"घातल्यात?"

"रोज. इस्त्री तापली की पहिली तुम्हाला."

"तरीच मला कामात उचक्या लागायच्या," काकू म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "मला तुमचाही राग आलाय. भावाने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत? एकदा येऊन माझ्या तोंडावर विचारायचं तरी होतं."

"आले होते." नणंदेचा आवाज पुन्हा कडक झाला. "पोरीच्या लग्नानंतर आले होते. पत्ता शोधत तुमच्या दुकानाच्या दारात उभी राहिले. तुम्ही एका सोफ्यावर ओणव्या. मी विचारलं, सुतार आहेत का? तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. तोंडातून शब्द नाही. हातोडीने दार दाखवलंत आणि परत ठोकायला लागलात. चालती हो, एवढंच सांगायचं राहिलं होतं!"

काकू मटकन त्या शेजारणीच्या बाजूला पायरीवर बसल्या. असं हातोडीने दार त्या दिवसातून कितीदा तरी दाखवत. चौकात गेलेत, येतील, असा त्याचा अर्थ. गल्लीतल्या प्रत्येकाला तो कळायचा.

"माझ्या तोंडात खिळे होते," त्या म्हणाल्या. "काम करताना असतात. बोललं तर घशात जातात. बाहेर गेलेत, एवढंच दाखवलं असेल मी. दोन मिनिटं थांबला असतात तर खिळे काढून तुम्हाला आत घेतलं असतं. पाणी दिलं असतं." आता मात्र त्यांना रडू फुटलं, आणि तेही संतापाचंच होतं. "दारापर्यंत आलेलं माणूस मी परत घालवलं!"

नणंद टेबलामागून बाहेर आली. कुणाचे डोळे पुसायचा तिचा स्वभाव नसावा; ती नुसतीच समोर येऊन उभी राहिली.

"इकडं कशाला आलात?" तिने विचारलं.

"घर बघायला. पोस्टमनकडचं. तुम्ही हो म्हणालात तर किल्ली देणार आहेत."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर दुसरं बघेन. पण याच गावात." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "माझा भाऊ म्हणतो इथं येऊ नको, हे म्हणतात इथं येऊ नको, आमची सगळी गल्ली म्हणते येऊ नको. आणि इथं आले तर माझं नाव माझ्याआधी येऊन बसलेलं! मी कुठं जाणार नाही आता. नावं ठेवायची तर मला रोज बघून ठेवा. ऐकून नाही."

नणंदेने टेबलावरची इस्त्री उचलून भावाच्या हातात दिली. "हा गठ्ठा संध्याकाळपर्यंत व्हायला हवा," ती म्हणाली. "जळका शर्ट तू भरून द्यायचास. दाराबाहेर पाऊल टाकलंस तर बघ."

काका टेबलामागे जाऊन उभे राहिले.

"चला," नणंद काकूंना म्हणाली. "म्हातारा दुपारी झोपतो, त्याच्या आत गाठू."

"चला, वन्सं," काकू म्हणाल्या. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला, आणि तो उच्चारतानाही त्यांचा राग उतरला नव्हता.

पोस्टमनचं घर दोनच गल्ल्या दूर, पण पोचायला पुष्कळ वेळ लागला. वन्सं प्रत्येक दारापाशी थांबत होत्या. किराणावाल्याकडे थांबल्या, शिंप्याकडे थांबल्या, नळावर भांडणाऱ्या दोघींना भांडण थांबवायला लावून थांबल्या. पाठीमागून शेजारीण शेंगांचं सूप तसंच हातात घेऊन येत होती. काकू पर्स छातीशी धरून, ताठ मानेने, लोक बघतील तसं बघू देत होत्या. आणि दर दारापाशी वन्सं खणखणीत आवाजात तेच सांगत होत्या, "ही माझी भावजय. मी सांगत होते ती ही नव्हे."